मजकूर माझा होता, नाना

नाना, ज्या वर्षी आपली मेंढरं रोगानं गेली त्या वर्षी मी चौथीत होतो. कडेगावच्या पूर्वेचं आपलं ते कुसळी माळरान, जाळीच्या वाघरीत उरलेली अकरा मेंढरं, आणि त्यांच्याकडं पाठ करून बसलेले तुमचे भाऊ, माझे आबा. तुम्ही तेव्हा फौजेत होता, त्यामुळं घरातली एक गोष्ट तुम्ही पाहिलेली नाही. पाहुणा येताना दिसला की आई चुलीवर रिकामं पातेलं चढवायची. आत नुसतं पाणी, वर झाकण. आधण आलं की झाकण खडखडायचं आणि पाहुण्याला वाटायचं, घरात काहीतरी शिजतंय. तो उठून जाईपर्यंत आम्ही दोघं भावंडं त्या झाकणाकडं बघत बसायचो. भीती एकच. पाहुण्यानं झाकण उचललं तर? तो गेला की आई त्याच पाण्यात मूठभर हुलग्याचं पीठ टाकायची आणि माडगं करून आम्हाला वाढायची.

तुमचं पार्सल यायचं ते त्याच दिवसांत. तुमच्या जुन्या वर्दीच्या पँटी. एका पँटीत आई माझ्या दोन चड्ड्या काढायची. शाळेत सगळी पोरं खाकीत आणि मी एकटा हिरवागार. मला ‘मिलिटरी’ म्हणायचे. मी रडत घरी यायचो आणि म्हणायचो, नानाला सांग, पाठवू नको म्हणून. त्या चड्ड्या घालून मी सातवी केली, मॅट्रिक केलं, सांगलीला कॉलेजात आलो. आपल्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. याचा मला गर्व होता, आजही आहे, आणि तो मी लपवत नाही. पण त्या चड्ड्यांसाठी तुमचे आभार मानायचे राहून गेले, ते आता मानतो.

तुम्ही पेन्शनीत आलात आणि गावाकडं न जाता सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत शेड घेतलीत. एक जुना लेथ, एक स्टूल, एक घोंगडं आणि तुमची लोखंडी ट्रंक. फौजेच्या वर्कशॉपात पंधरा वर्षं गाड्यांचे भाग कातलेला माणूस. वसाहतीत सगळे तुम्हाला ‘फौजी’ म्हणायचे आणि तुम्ही मला ‘बीए’. मी बी.ए. झालो, तेव्हा पदवीचा कागद चौकटीत बसवून तुम्ही आणलात, तो आपल्या घरी न लावता शेडमध्ये लेथच्या मागच्या भिंतीवर ठोकलात. काकू म्हणाल्या, तिथं तेल उडतंय. तुम्ही म्हणालात, “उडू दे. ह्या शेडात सगळ्यात म्हागाची वस्तू तीच हाय.” रोज सकाळी तुम्ही आधी लेथ पुसायचा आणि मग त्याच फडक्यानं ती काच. काच कधीच स्वच्छ झाली नाही.

आपल्या ओळीत बारा शेड होत्या. बाराही जण माझ्या-तुमच्यासारखे, घरात आधी कुणी धंदा न केलेले. कोपऱ्यावर सर्जेरावांची ओतकामाची भट्टी. तुमच्या समोर गौतम मिस्त्री. त्यांचे वडील रहिमतपूरच्या बाजूला दुसऱ्याच्या शेतात राबले आणि हे कर्ज काढून लोखंडात गाळा, म्हणजे खाच, पाडायचं मशीन घेऊन बसले. कुणाकडंच सगळी मशिनं नव्हती. म्हणून काम फिरायचं. पंपाच्या पोटात पाणी फेकणारी चकती असते, इंपेलर, ती सर्जेरावांकडं ओतायची, तुमच्याकडं कातायची, गौतम मिस्त्रींकडं तिला चावीचा गाळा पाडायचा, पुढच्या शेडला घासायची, त्याच्या पुढच्या शेडला तोल बघायचा. आज माझं काम तुम्ही करा, उद्या तुमचं मी करतो. गावाकडं पेरणीला जसं एकाच्या रानात सगळे उतरतात, मग दुसऱ्याच्या, तसंच. आपल्याकडं त्याला पैरा म्हणतात. वसाहतीतही तोच शब्द चालायचा. आणि नापास नग त्याच दिवशी घणानं फोडून सर्जेरावांच्या भट्टीत परत टाकायचा, हाही पैऱ्याचाच नियम होता. फुटका नग कुणी कुणाच्या गळ्यात मारू शकत नव्हतं.

देशाचे दरवाजे उघडले, परदेशी माणसं माल बघायला येतात, असं तेव्हा रोज पेपरात यायचं. मोठमोठ्या शहरांची गुळगुळीत कागदावरची पुस्तकं निघत होती. असलंच एक पुस्तक तुम्ही कुठून तरी आणलंत, स्टुलावर बसून उलटं-सुलटं बघितलंत आणि संध्याकाळी चहाला बाराही जणांना बोलावलंत. म्हणालात, “हळदीची सांगली जगाला ठावं हाय. लोखंडाची न्हाई. आपलं बी एक पुस्तक काढूया.” सर्जेराव म्हणाले, आपलं पुस्तक वाचणार कोण, आपल्याला तर वाचता येत नाही. सगळे हसले. तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. “लिवणार बीए. वाचणारे तिकडं हायत.”

मजकुरावरून आपलं पहिलं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. तुमचं म्हणणं, आपण कसं काम करतो तेच लिहायचं. बारा शेड, एक पैरा. मी म्हणालो, नाना, हे वाचून ते काय म्हणतील? यांच्याकडं एक धड कारखाना नाही, उसनवारीवर चाललंय सगळं. तुम्ही म्हणालात, “हाय ते लिव.” मी म्हणालो, “हाय ते लिहून कोण येणार?” तुम्ही म्हणालात, “न्हाई ते लिवलं आन् खरंच आला कोण, तर?”  मला तुमचा राग आला होता. बी.ए. मी झालो होतो, तुम्ही नाही. हे मी तेव्हा बोललो नाही, पण तोंडावर दिसलं असणार, कारण तुम्ही उठून लेथ सुरू केलात.

पुढच्या आठवड्यात तुम्ही पेन्शनच्या कामासाठी दोन दिवस साताऱ्याला गेलात. त्याच दोन दिवसांत मी फोटोवाला बोलावला. चार शेडमध्ये दाखवण्यासारखं मशीन नव्हतं, त्यात एक सर्जेरावांची. त्या चौघांना मी सांगितलं की फौजी सांगून गेलेत, त्यांच्या शेडला छपरातून उजेड चांगला येतो, तुमच्या नावाच्या पाट्या तिकडं घेऊन या. त्यांनी हौसेनं पाट्या पुसून आणल्या. एकेक पाटी लावायची, तुमच्या लेथचा फोटो काढायचा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा समोरून, एकदा त्याच्यावर गोणपाट टाकून. तुमच्या शेडचा मात्र बाहेरून, दारावरच्या पाटीसकट. खाली इंग्रजीत मी लिहिलं की हा कारखाना स्वतःच्या मशिनांवर, एका छपराखाली, सगळं काम स्वतः करतो. पैऱ्याचा शब्द कुठंही नाही. तुम्ही परत यायच्या आत मी मजकूर छापखान्यात देऊन टाकला.

पुस्तक देखणं झालं होतं. वर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत सांगली, मागं कृष्णेचा घाट. सगळ्यांनी आपापल्या पाटीचा फोटो बघितला आणि पेढे वाटले. तुम्ही मात्र ते भिंगातून बघितलंत, मायक्रोमीटरवरचे आकडे वाचायचं तुमचं भिंग. पानामागून पान. फौजेतलं मोडकं इंग्रजी तुम्हाला येत होतं, हे मला माहीत होतं. मी वाट बघत उभा होतो. तुम्ही पुस्तक मिटलंत, ट्रंकेत ठेवलंत आणि म्हणालात, “कागद चांगला हाय.” बस्स. नाना, तुम्ही तेव्हा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

कॉलेजच्या ग्रंथालयातल्या एका जाडजूड ग्रंथातून मी परदेशातल्या पंप करणाऱ्यांचे पत्ते उतरवून घेतले आणि पुस्तकं पोस्टानं पाठवली. पाच-सहा महिने काही नाही. मला हळूहळू हायसं वाटायला लागलं होतं. मग फॅक्सच्या दुकानातून निरोप आला. हॉलंडचे एक खरेदीवाले साहेब पुण्याला येणार होते आणि तिथून एक दिवस आपल्याकडं. त्यांना पुस्तक आवडलं होतं. प्रत्येक कारखाना आत जाऊन बघायचा, असं त्यांनी लिहिलं होतं.

वसाहतीत दिवाळी झाली.  आठ दिवस होते. सायकलवरून मी मिरजेपर्यंत जायचो आणि उगाच परत यायचो. डोक्यात एकच. तो सर्जेरावांच्या शेडमध्ये शिरणार आणि विचारणार, लेथ कुठाय? पकडला गेलो तर माझ्या एकट्याचं जाणार नव्हतं. गौतम मिस्त्रींनी मशीन कर्जावर घेतलं होतं, त्यांच्या थोरल्या मुलीची फी त्याच मशिनावर होती. सगळ्या ओळीला लबाडांची ओळ म्हणून ओळखलं जाईल, आणि ती गोष्ट पुण्यापर्यंत जाईल. एक दिवस मी फॅक्सच्या दुकानात जाऊन रांगेतही उभा राहिलो. हातात कागद होता: इथं संप आहे, येऊ नका. माझा नंबर आला तेव्हा दुकानदारानं विचारलं, कुठं लावायचा? मी म्हणालो, कुठं नाही, आणि घरी आलो. खोट्यावर आणखी एक खोटं रचायचंही धाडस माझ्यात नव्हतं.

साहेब यायच्या दिवशी सकाळी मी पुस्तक शेवटचं चाळत होतो आणि एका फोटोवर थांबलो, मग मागची पानं उलटली. तोवर माझं लक्ष मशिनांवर होतं, भिंतीवर नव्हतं. चारही फोटोंत, चारही कारखान्यांच्या मागं, एकच काळपट चौकट होती आणि तिच्यावर वाळलेला झेंडूचा हार. माझी डिग्री.

मी धावत शेडमध्ये आलो. तुम्ही लेथ पुसत होता. मी म्हणालो, नाना, ती चौकट काढू या, काच फार खराब झालीय, बरं दिसत नाही. तुम्ही माझ्याकडं बघितलंत.  मग म्हणालात, “ऱ्हाऊ दे. डिग्री हाय ती. चोरीचा माल न्हवं.” आणि त्या फडक्यानं काच पुसलीत.

ते साहेब उंच होते, अंगावर साधा शर्ट, खांद्याला पिशवी. तुमच्या शेडमध्ये सगळे जमले होते. सर्जेरावांनी धुवट टोपी घातली होती. चहा झाला. त्यांनी पिशवीतून आपलं पुस्तक काढलं, मांडीवर उघडलं, लेथकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. पान उलटलं. पुन्हा भिंतीकडं बघितलं. तिसरं पान. मला आईच्या पातेल्याचं झाकण ऐकू यायला लागलं. मग त्यांनी पुस्तक माझ्यापुढं धरलं, चौकटीवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, या चारही कंपन्यांत हा एकच माणूस पदवीधर आहे का?

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. दुभाषा मी होतो. सर्जेराव म्हणाले, “काय म्हंतोय रं?”

मी म्हणालो, “डिग्री कुणाची, विचारतायत.”

सर्जेराव खूश झाले. म्हणाले, सांग की, आमच्या पोराची म्हणून.

नाना, तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. उठलात, फौजेत साहेबासमोर उभे राहत असाल तसे ताठ उभे राहिलात, आणि तुमच्या त्या इंग्रजीत म्हणालात, “सर. वन मशीन, फोर फोटो. दिस बॉय ओन्ली इंग्लिश. मॅटर माय. मिस्टेक माय.” मग वळून बाकीच्यांना सांगितलंत, “पुस्तकात चार शेडास्नी माझाच लेथ लावलाय. मजकूर माझा. बीएनं नुसतं इंग्रजी केलंय.”

 सर्जेरावांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. मी तोंड उघडायला हवं होतं. एकच वाक्य होतं. मला ते दोन भाषांत येत होतं आणि मी एकाही भाषेत ते बोललो नाही.

तुम्ही साहेबांना म्हणालात, “कम. आय शो.” भट्टीतून नुकताच आलेला एक कच्चा इंपेलर हातात घेतलात आणि चालायला लागलात. लेथवर कातलात, गौतम मिस्त्रींकडं गाळा पाडलात, पुढच्या शेडला, त्याच्या पुढच्या. साहेब मागं, आम्ही सगळे त्यांच्या मागं. लग्नाच्या वरातीसारखी आमची ओळ. शेवटच्या शेडला त्यांनी स्वतःचं मायक्रोमीटर काढून माप घेतलं. मग तिथं ठेवलेले आणखी चार नग मोजले. त्यातला एक बाजूला ठेवला. तुम्ही तो हातात घेऊन बघितलात, मान हलवलीत, घण मागितलात आणि दोन घावांत त्याचे तुकडे केलेत. सर्जेरावांनी सवयीनं ते तुकडे घमेल्यात भरले आणि भट्टीकडं घेऊन गेले. साहेब त्यांच्या पाठमोऱ्या टोपीकडं बघत राहिले. संध्याकाळी ते गेले. काही म्हणाले नाहीत.

त्यानंतरचे दोन महिने मी विसरू शकत नाही आणि तुम्ही त्याबद्दल एक शब्द कधी काढला नाहीत. सर्जेराव तुमच्या शेडवरून जाताना आवाज द्यायचे, “आवं फौजी, पुस्तकात माझा लेथ हाय न्हवं, जरा चालवायला द्या की.” बाकीचे हसायचे. तुम्हीही हसायचा. म्हणायचा, “या, चालवा, तुमचाच हाय.” गौतम मिस्त्री मात्र हसायचे नाहीत, ते तुमच्याशी बोलायचेच बंद झाले होते. पैऱ्याचं काम घेऊन यायचे, ठेवायचे, जायचे. मी मागं पैऱ्याच्या कामाचा हिशेब लिहीत बसलेला असायचो. रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज वाटायचं, सांगितलं तर इथं माझं काय राहील? मी काही लेथ चालवू शकत नव्हतो. माझ्याकडं होतं ते एवढंच, की हा शिकलेला आहे, याच्या कागदावर विश्वास ठेवा.

मग फॅक्स आला. साहेबांना नमुन्याचे नग हवे होते. त्यांनी लिहिलं होतं, मला पुस्तकातला कारखाना नको, मी पाहिला तो हवा. खाली एकच प्रश्न होता. माल खराब निघाला तर बारापैकी कुणाला विचारायचं? कागदावर सही कुणाची?

मी वाचून दाखवलं. या वेळी शब्द न् शब्द.  पैऱ्यात सही नसते. सर्जेराव म्हणाले, सही फौजी करतील, मजकूर त्यांचाच असतोय. टोमणाच होता तो. तुम्ही म्हणालात, “न्हाई. सही बीए करंल. प्रत्येक नग त्यो बगंल, मापंल, मगच कागदावर सही.”

बाकीचे गेल्यावर मी तुम्हाला म्हणालो, नाना, मला का अडकवताय? मला भीती वाटते. तुम्ही लेथवर गोणपाट टाकत होता. माझ्याकडं न बघता म्हणालात, “म्हणून तर. ज्याला भ्या वाटतंय त्यानंच सही करावी. न भिणारा कायबी पास करतोय.”

तेव्हापासून आजवर मी प्रत्येक खेपेच्या कागदावर सही करतोय. माप घ्यायचं तुम्ही मला शिकवलंत, डोळ्यांवर पट्टी बांधून बोटांनी कड ओळखायला लावलीत. पहिल्या खेपेच्या वेळी मी इतके नग नापास केले की सर्जेराव भट्टीवरून ओरडले, “आरं बाबा, थोडं बाहीर बी जाऊ दे.” गौतम मिस्त्री तुमच्याशी पुन्हा बोलायला लागले ते त्याच सुमारास. त्या काळात तुम्ही रोज दुपारी माझ्या शेजारी येऊन बसायचा, काही न बोलता. मला वाटायचं, माझ्यावर नजर ठेवताय. आता वाटतं, तसं नसेल. आता विचारायला कुणी नाही.

विचारायचं तर खरं दुसरंच होतं. तुम्हाला माहीत होतं का? भिंगातून पुस्तक बघितलंत तेव्हा ती चौकट चारही फोटोंत तुम्हाला दिसली होती का? दिसली असेल, तर साहेब यायच्या सकाळी ती भिंतीवर का राहू दिलीत? माझ्या कौतुकापायी, की खोटं उघडं पडावं म्हणून? उघडं पडल्यावर अंगावर घ्यायचं हे तुम्ही आधीच ठरवलं होतं का? की काहीच दिसलं नव्हतं, आणि तुम्ही सरळ मनानं पुतण्याची डिग्री पुसत होता? या दोन्ही नानांची मला भीती वाटते. पहिल्याची जास्त.

तुम्ही गेलात त्याला आता तीन महिने होतील. शेवटच्या दिवशी दवाखान्यात मी आत आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, आजच्या खेपेतले किती फोडले? मी सांगितलं, तीन. तुम्ही म्हणालात, “ब्येस.” ते शेवटचं. मी तेव्हा सांगू शकलो असतो. खुर्ची ओढून बसलोही होतो. मग नर्स आली.

दहाव्याला नदीवरून परतताना सर्जेराव माझ्याशेजारून चालत होते. त्यांचे डोळे सुजले होते, माझ्यापेक्षा जास्त. वसाहतीच्या नव्या पुस्तकाचं काम पुन्हा माझ्याकडं आलं होतं, त्याबद्दल बोलणं चाललं होतं. म्हणाले, “फौजीसारका माणूस व्हायचा न्हाई. लय खरा. आयुष्यात एकदाच खोटं लिवलं त्यानं, ते बी आमच्यासाठीच. तू तसलं लिवू नगंस.” मागून येणाऱ्या चौघा-पाचांनी माना डोलावल्या. आणि मी, नाना, तिथंही गप्प राहिलो. तुमच्या दहाव्याला. तुमच्या नावावर माझा डाग ठेवून मी भात जेवलो.

त्यानंतर मला झोप नाही. तुम्ही होता तोवर हे खोटं आपल्या दोघांचं होतं, निम्मं ओझं तुमच्या खांद्यावर होतं. आता ते सगळं माझ्याकडं आलंय आणि तुम्ही कायमचे लबाड ठरताय. तुमची नातवंडं ही गोष्ट ऐकत मोठी होतील. म्हणून वसाहतीच्या कारखानदार संघाच्या स्मरणिकेत तुमच्यावर दोन पानं लिहून द्यायला सांगितली, तेव्हा तुमचा जन्म, फौजेतली नोकरी, मिळालेली मेडलं, यातलं काही मी लिहिलं नाही. हे लिहिलं.  ज्याच्या सहीवर बारा घरं चालतात, त्यानंच पहिला खोटा कागद लिहिला हे कळल्यावर ती सही उद्या कोण घेईल, हीच भीती लिहिताना होती.

छापायला देण्याआधी मी हे गौतम मिस्त्रींना वाचून दाखवलं. सगळं ऐकून त्यांनी मशीन बंद केलं. म्हणाले, “मी त्या माणसाशी दोन म्हैनं बोललो न्हाई.” मग म्हणाले, सर्जेरावांना सांगायला मी काही येत नाही, तुझं तू जा.

मी भट्टीवर गेलो. सर्जेरावांना वाचता येत नाही, म्हणून उभ्या उभ्या त्यांनाही वाचून दाखवलं, ‘आवं फौजी, माझा लेथ’ हेसुद्धा. ते मातीच्या ढिगावर बसले. टोपी काढली. रागावतील, अंगावर येतील, असं मला वाटलं होतं.

म्हणाले, “म्हातारा माझ्यासंगं हसायचा रं त्या बोलण्यावर.”

मी म्हणालो, “व्हय.”

 भट्टी घोंघावत होती. मी कागदाची घडी घातली आणि निघालो. मागून आवाज आला.

“ए बीए.”

मला त्या नावानं फक्त तुम्ही हाक मारायचा.

“कुटं चालला? सकाळपासनं ओतल्यालं नग पडल्यात. मापून कोण घेणार? आन् आज मी हितंच बसणार हाय. बगतो कसा मापतूस.”

ते खरंच बसले. मी एकेक नग मापला. दोन फोडले. सर्जेरावांनी तुकडे स्वतः उचलून भट्टीत टाकले. शेवटी त्यांनी कागद पुढं केला आणि मी सही केली. हात कापत होता. अजूनही कापतो. तो कापायचा थांबला की मी हे काम सोडीन.

नाना, तुमची शेड आता मी चालवतो. चौकट आहे तिथंच आहे. आपल्या बारा शेडचा माल आज तीन देशांत जातो, आणि आजवर एक खेप परत आलेली नाही. नवं पुस्तक गेल्या आठवड्यात छापून आलं. पहिल्या पानावर बारा शेड आणि एक इंपेलर पहिल्या शेडपासून बाराव्या शेडपर्यंत कसा जातो, एवढंच लिहिलंय. लेथचा फोटो एकदाच आहे, तुमच्या पाटीखाली. शेवटच्या पानावर, मजकूर कुणाचा या ओळीपुढं, माझं नाव आहे.